शेवटची सोळा पानं

जनावरांच्या दवाखान्याची मागची खोली, तेच आमचं वाचनालय.
भिंतीपलीकडे गोऱ्हा हंबरतो,
अलीकडे मी तारखेचा शिक्का मारतो.
कपाटं दोन. एकाची किल्ली माझ्या आधीच्या माणसानं
कुठं ठेवली, ते तो सांगून गेला नाही.
काच इतकी धुरकट, की आतल्या पुस्तकांच्या
पाठींचे नुसते रंग दिसतात.

शुक्रवारी बाजार. चपला दाराशी,
थैलीतून आंबाडीची जुडी डोकावते:
"काय हाये का जी, चांगलं?"
चांगलं म्हणजे कसं, हे मी विचारत नाही.
माणूस थैली कुठं ठेवतो ते पाहतो.
खाली टेकवली तर कादंबरी,
खांद्यावरच राहिली तर कथा, दहा पानांच्या आतली.

मारोती कुमरे जिनिंगवर चौकीदार.
"भुताचं नका देऊ जी, रातच्यानं मी एकटाच रायतो."
त्याला मे महिन्यात हिमशिखरांची मोहीम दिली.
पारा सत्तेचाळीस, कुलरमधलं पाणीसुद्धा तापलेलं,
आणि हा आठवड्यानं येऊन सांगतो,
"तंबू उडाला तवा मले हुडहुडी भरली, बुवा."

डवले गुरुजींना लाल पेन चालवायचा असतो,
म्हणून छपाईच्या चुकांनी गच्च भरलेलं एक चरित्र
त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं.
परत देताना चेहरा कसा फुललेला!
एकशे बारा सापडल्या.

अंगणवाडीच्या पंचफुलाबाईंचं पुस्तक ठरलेलं,
चष्मा हरवलेली हत्तीण.
चष्मा तिच्याच सोंडेवर. पोरं पानापानाला ओरडतात,
आणि बाई पानापानाला म्हणतात,
"कुठी हाये? मले तं दिसत नाई."
मुदतवाढ सतराव्यांदा. नियमात बसत नाही.

पोलीस भरतीवाली पोरं फक्त प्रश्नसंच मागतात. देतो.
वर कवितांचं एक पातळ पुस्तक ठेवतो,
भाजीवाली वरून सांभार टाकते ना, तसं.
बहुतेक ते न उघडता परत येतं.
एकदा त्यात एसटीचं तिकीट निघालं, बेचाळीसाव्या पानावर.
ते पान मी तीनदा वाचलं.

राहिली ती रहस्यकथा.
सर्कशीच्या मालकिणीचा हार, सात संशयित,
आणि शेवटची सोळा पानं उधईनं खाल्लेली.
मी सगळ्यांत जास्त तीच सुचवतो. आधी काही सांगत नाही.
लोक चिडून येतात, टेबलावर आपटतात,
आणि मग बसतात. कोणी सिंहवाल्याला धरतं,
कोणी मालकिणीच्या भावाला.
कुमरे शपथेवर सांगतो, चौकीदार नसणार.

तनुश्री गेडाम, सातवी ब, चिडली नाही.
आठ दिवसांनी घेऊन आली तर आत
एकरेघी वहीची सोळा पानं, बाभळीच्या डिंकानं चिकटवलेली.
टेबलावर ठेवलं आणि सायकलवर टांग टाकून गेली.

तिच्या गोष्टीत हार चोरतो
गावातला ग्रंथपाल.
लपवतो किल्ली हरवलेल्या कपाटात.

आता गाव ते पुस्तक मागून वाचायला घेतं.
मग माझ्याकडे बघतं.
मग कपाटाकडे.

परवा अंधार पडल्यावर दवाखान्यातून पक्कड मागून आणली.
कुलूप एका झटक्यात निघालं.
हार नव्हता. वाळलेली पाल होती, डांबरगोळ्यांचा वास,
एकसष्ट पुस्तकं,
आणि त्यांत तीच, दुसरी प्रत, शेवटापर्यंत शाबूत.

उभ्याउभ्याच वाचली ती सोळा पानं.
जोकर निघतो.
तनुश्रीचं बरं आहे.

साठ पुस्तकं नोंदवहीत चढवली,
उरलेलं एक होतं तिथंच मागं सारलं,
आणि बाजारातून नवं कुलूप घेतलं, दाबलं की लागणारं.
"संग दोन किल्ल्या येतात, भाऊ," दुकानदार म्हणाला.
म्हटलं, "ठेव तुझ्याजवळच."