एकविसावी पुतळी

जांभळी नाक्यामागच्या गल्लीत
आमचा सोन्याचा कस पाहायचा धंदा.
घणसोलीच्या चांगुणा मढवींनी
रुमालाची गाठ सोडली :
पुतळ्यांची माळ, एकवीस.

वीस लक्ष्म्या. एकाच ठशावर ठोकलेल्या,
डोळे नसलेल्या,
कमळावर कशाबशा टेकलेल्या.
आणि मधोमध हा
एकटा पुरुष.

जाड मान, पोपटनाक, कपाळावर पानांचा पट्टा,
कडेने अक्षरं. मला लागत नाहीत,
पण पुस्तकात पाहिली आहेत. रोमची.
तिकडचे सोनार म्हणे नाण्याभोवती
जाळीची चौकट करायचे,
बादशहाच्या केसालाही धक्का न लावता.
आपल्याकडच्या कुणी तरी
सरळ टाळूला डाग देऊन कडी बसवली.
राजाला उभा टांगायचा तर
दुसरी जागा तरी कुठे असते?

मागची बाजू गुळगुळीत.
तिथे एखादी देवी असणार, हातात कणीस घेतलेली.
पाच सासवांच्या घामात गेली.

यंत्राने लक्ष्म्यांना अठरा कॅरेट दिले,
याला तेवीसच्या वर.
सात ग्रॅम एकशे नव्वद, कडीसकट.
मी म्हटलं, मावशी, हा वितळवू नका,
याचा भाव या काट्यावर नाही.

"याला कोन वितलवतंय?
आमचेकरं याला म्हातारा बोलतान.
याचे नाकाव माजे तिनी पोरांचं दात हान."

भिंग लावलं.
नाकाच्या शेंड्यावर खरंच चार बारीक खळगे.

कुठून आला, विचारलं.
"सासूचे सासूनी बी इचारला नाय.
मिठागराचा बांध फुटला तवा आयला,
का लग्नान आयला, कोनाला ठावं."

वीस लक्ष्म्या तिने मोजून दिल्या :
नवऱ्याच्या डायलिसिसचे काही महिने.
किती, ते तीच बोटांवर मोजत होती,
दोनदा चुकली.

म्हातारा मी पक्कडीने सोडवला.
तिने तो काळ्या दोऱ्यात ओवून
तिथेच गळ्यात घातला, पोलक्याच्या आत,
तोंड कातडीकडे.
उलटा झाला, मी म्हटलं.
"र्‍हाऊं दे. बसमदी लोकां बगतान."

कसोटीवर त्याची रेघ राहिली,
बाकीच्यांहून पिवळी.
दुकान बंद करताना दगड तेलाने पुसायचा असतो.
आज मी वीसच पुसल्या.