जेमालमामाच्या नावावर

डेलावेअरमध्ये आमच्या सगळ्या इमारतीचं एक घर आहे.
कुणी पाहिलेलं नाही.
गोदाम असावं, पत्र्याचं, समोर सपाट रस्ता,
आणि आत आम्ही खोली-नंबर घेऊन राहतो:
त्सिआलाआजी, एतेरी, तळमजल्यावरचा नुगझार.
इथं कुताइसीत, लिफ्टच्या डबीत नाणं टाकून
चार मजले एकमेकांशी न बोलता जाणारी माणसं
तिथं एका फळीवर, खांद्याला खांदा लावून.

तीनशे लारींच्या आतल्या मालाला जकात नाही.
म्हणून संगणक मी सुटासुटा मागवला.
मदरबोर्ड एतेरीच्या नावावर.
प्रोसेसर नुगझारच्या;
त्याने तो डोळ्याजवळ धरला, उलटा केला,
"एवढ्या पैशात बोकड आला असता," म्हणाला
आणि सही केली.
पंखा आणि तारा आजीच्या नावावर.
तिला फोनवर निरोप यायचे:
आदरणीय त्सिआला, आपली वस्तू न्यूयॉर्कहून निघाली.
ती बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागून
आभाळ बघायची.
खाली अंगणात ओरडून सांगायची,
"माझा पंखा आज समुद्रावर आहे!"

मेमरीच्या दोन पट्ट्या जेमालमामाच्या नावावर.
मामानं काही न विचारता ओळखपत्र काढून दिलं,
कुणालाही शिडी द्यायचा तसं.
"माझ्या नावावर आजवर
एक मोटरसायकल होती आणि एक दंड," म्हणाला,
"येऊ दे काहीतरी."

पट्ट्यांनी समुद्र ओलांडला सोमवारी रात्री.
मंगळवारी पहाटे मामा.
आक्रोडाच्या झाडाखाली बाकं मांडली,
नुगझारनं कुठूनसा तंबू आणला,
आणि मी दाढी वाढवू लागलो, रीतीप्रमाणे.

नवव्या दिवशी पार्सलच्या खिडकीपाशी उभा राहिलो.
"ज्याचं नाव आहे त्यानं यावं," तिनातिन म्हणाली.
मग माझ्या दाढीकडे तिचं लक्ष गेलं.
आवाज उतरला. नियम तिथंच राहिला.
मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, आईची सही.
तिनं कागदावर पेनानं छोटी फुली केली,
सही कुठं करायची ते कळावं म्हणून.

बाकीचं सगळं जोडून झालंय.
बटण दाबलं की पंखा फिरतो, आजीचा,
दिवा लागतो,
आणि यंत्र एक लांब, दोन आखूड शिट्ट्या घालतं.
पडदा काळा.
इतकं सगळं आहे त्याच्याकडे,
कुठून सुरुवात करायची तेवढं आठवत नाही.

चाळिसाव्याला जेवण होतं.
मोठ्यांनी पावाच्या तुकड्यावर वाइन सांडली,
मामाचं नाव घेतलं,
आणि आजीच्या एप्रनच्या खिशात
मामाचा फोन थरथरला.
ती तो रोज चार्ज करते, हे आम्हाला तेव्हा कळलं.
चष्मा पुसून तिनं मोठ्यानं वाचलं:
आदरणीय जेमाल, स्मरणपत्र क्रमांक पाच.
आपलं पार्सल आपली वाट पाहत आहे.

कुणी पेला खाली ठेवला नाही.
"आदरणीय," आजी म्हणाली.
"जन्मात कुणी म्हटलं नव्हतं त्याला."

दुसऱ्या दिवशी मी दाढी काढली
आणि अर्ज तिच्यापुढे ठेवला, फुली दाखवली.
तिनं घडी घालून तो पिठाच्या डब्याखाली सरकवला.
"घाई काय आहे? दर सोमवारी लिहितात ते त्याला."

आता सहावं आलं, सातवं आलं.
गोदामाचं भाडं चढतंय, रोज वीस तेत्री,
आमच्या लिफ्टला वर न्यायला लागते तेवढी चिल्लर.
शनिवारी मी खिडकीशी जातो.
तिनातिन विचारत नाही, पावती फाडते,
वर त्याचं पूर्ण नाव लिहिते.
मी भरतो.