मौजा सोनखारी (रिठी)

शून्य लिहायलाही जावं लागतं,
असं तहसीलच्या प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं.
म्हणून शाळा सुटल्यावर स्कूटी नाल्याजवळ लावली
आणि लाखोळीच्या धुऱ्याधुऱ्यानं निघालो,
पुढे कोतवाल उरकुडा मेश्राम, हातात काठी,
मागे मी, काखेत नकाशा.

नकाशात गाव ठणठणीत आहे.
चारी सीमा, गट नंबर,
आबादीची जागा फिक्या गुलाबी रंगात.
निस्तार पत्रकात अजून लिहिलेलं:
गुरं कुठे चरतील,
सरपण कोणत्या झुडपी जंगलातून आणायचं,
मढं कुठे न्यायचं.
न्यायला तेवढं कुणी नाही.

उरकुडा सांगतो, त्याच्या आज्याच्या वेळची महामारी.
"सात दिवसात सतरा, बाई.
उरले ते उठले अन् नाल्यापल्याड गेले.
कवेलूसुदा काढून नेले घरावरचे.
माती ठेवली."

त्याच्या नावामागेही चार मेलेली भावंडं.
पाचवा हा. जन्मल्याबरोबर आईनं उकिरड्यावर ठेवला,
न्यायला येणाऱ्याला वाटावं, टाकाऊ आहे;
मग शेजारणीनं पायलीभर कोंड्याला विकत घेतला.
अठ्ठावन वर्षं झाली, अजून कुणी उचलला नाही.
हे तो हसत सांगतो, काठीनं काटे सारत.

आबादीत चिंच. बुजलेली विहीर.
मारुतीला शेंदूर मात्र ताजा,
आणि तीन दगडांच्या चुलीत ऊब.

"कोन हाये बे?"
तुरीआडच्या माळ्यावरून उतरला
सहारे, गोवारी, डुकरं हाकलायला ठेवलेला.
पोळ्यापासून इथंच.
घरी कोण? "सून हाये. टीव्ही हाये."
पुढे बोलला नाही. चुलीत काडी सारली.

मी बोटं मोजली. भादवा ते माघ,
सहा भरले.
सहा महिने जिथे राहतो, तिथला माणूस,
पुस्तिकेत असंच आहे.
"मंग मले इथंच लिहा," तो म्हणाला,
आणि टोपी काढून पुन्हा घातली,
फोटो काढणार असल्यासारखी.

चिंचेखाली रेंज एक काडी.
घोडमारे सर म्हणाले, मॅडम, अहो रिठी आहे ती!
एक माणूस टाकला की गाव आबाद होतं.
मग पिण्याचं पाणी कुठून दाखवू?
शाळेचं अंतर, दवाखान्याचं, पक्का रस्ता?
तिथे विजेचा खांब नाही.
बघा, सुनेकडे नोंदला असेल. दोनदा नको.

नोंदला होता.
परवा मीच नोंदला होता.
सहारे सदाराम, कुटुंबप्रमुखाचा बाप, वय अंदाजे पासष्ट.
"कामावर गेले," सून म्हणाली होती,
आणि त्याच्या खाटेवर
मिरच्या वाळत घातलेल्या होत्या.
तेव्हा मी मिरच्या पाहिल्या,
खाट नाही.

पेन काढलं. घरे शून्य. पुरुष शून्य. स्त्रिया शून्य.
क्षेत्र दोनशे बारा हेक्टर चाळीस आर.
उरकुडा खांद्यावरून बघत होता.
"जरा मोठं काढा शून्य, बाई,
मानूस बसते त्याच्यात."
मी रकान्यात मावेल एवढंच काढलं.

सहारेनं विचारलं, "लिहलो का?"
मी म्हटलं, हो. लिहिलात.
खोटं नव्हतं; नाल्यापल्याड लिहिलाच होता.

निघताना मागून आवाज आला,
पुढल्या खेपेले टॉर्चचे सेल आनजा दोन, मोठेवाले,
रातच्याले डुकरं डोळ्यासमोर येतेत.
पुढली खेप दहा वर्षांनी असते
हे मी सांगितलं नाही,
उरकुडानंही नाही.

मांढळच्या बाजारातून घेतले मात्र.
पर्समध्ये आहेत, खडूंच्या डबीशेजारी.
एकमेकांवर वाजतात स्कूटी गचके खाते तेव्हा.
त्या बाजूची ड्युटी अजून लागलेली नाही.