तोलाई

सावद्याच्या काट्यावर एकवीस वर्षं मी तोलार.
घड येतात, दांड्याची कटती जाते,
माझी सही झाल्याशिवाय पट्टी निघत नाही.
नुसतं हाताने उचलूनही वजन सांगतो,
पाव किलो इकडे तिकडे.
फक्त स्वतःचं कधी सांगितलं नव्हतं.
ते डॉक्टर भंगाळ्यांनी सांगितलं : शहाऐंशी,
आणि कागदावरच्या साखरेच्या आकड्याभोवती
दोनदा गोल केला.

चाला म्हणाले. चाललो बारा दिवस.
चालणाऱ्याला माणसं थांबवतात,
केळीचा भाव विचारतात.
सायकलवाल्याला कोण थांबवणार,
हे कारण मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

भुसावळला झांबऱ्यांचं दुकान.
बाहेर दांडीच्या काळ्या सायकली, दुधाच्या कॅनच्या सवयीच्या.
आत काचेमागे
त्या.
हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं,
सीट इतकी अरुंद
की बसण्याआधीच उठावंसं वाटलं.
मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही.
मग उभी कशी राहते?
"उभी राहायसाठी नाहीच ती," दुकानातला पोरगा म्हणाला.
रोज कुणाला तरी म्हणत असणार.

मी दोन बोटांवर उचलली.
"दहा-सहाशे."
त्याने पाटी पाहिली. पाटीवर दहा-तीनशे.
"पेडल धरलं नसेल त्यांनी."
खरंच धरलं नव्हतं.
म्हणजे कंपन्याही कटती करतात.

मग त्याने कार्बनची काढली, दीड लाखाची.
भरलेली समजून उचललेली कळशी
रिकामी निघावी, तसा हात वर गेला.
गल्ल्यावरून झांबरेशेठ म्हणाले,
"दोन किलोसाठी लाखभर कशाले देता?
तेवढं तर तुमच्या पोटावरून फुकट उतरंल."
विकणाऱ्याने असं बोलू नये.
मी तिथेच त्यांचं गिऱ्हाईक झालो.

चप्पल काढून भिंतीला टेकवून उभं केलं मला.
दोन पायांमध्ये उधारीची जाड वही, खाली टेप.
लग्नाच्या पँटीनंतर
कुणी माझं माप घेतलं नव्हतं.
"ऐंशी. तुम्हाला चोपन्नची फ्रेम."

निळी छप्पन्नची होती.
निळीच मनात होती.
बसून पाहिली, तर हँडल गाठताना
कुणाच्या तरी पाया पडतोय असं वाटायला लागलं.
चोपन्नची फक्त राखाडी,
ओल्या सिमेंटच्या रंगाची.
तिच्यावर हात आपोआप पोचले,
कोपरं जरा वाकलेली, मान मोकळी.
निळीकडे अजून एकदा पाहिलं.

टायर बत्तीसचे घेतले.
पंचविसाचे जास्त पळतात, पोरगा सांगत होता,
पण पालकडे जाणारा आमचा रस्ता त्याने पाहिला नव्हता :
ट्रकांनी कडा खाल्लेला,
आणि कडेला बाभूळ, बारा महिने तयार.

घरी कुमुदने भरताचं वांगं निवडताना दाबतात
तसं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं.
"अडतीस हजार. आन् याले घंटीबी नाही?"
उत्तर नव्हतं माझ्याकडे.
घंटीचे दीडशे वेगळे पडले.

पहिल्या सकाळी गिअर उलटे पडले,
गाव संपायच्या आत धाप लागली.
चौथ्या सकाळी पंक्चर.
नवव्या की दहाव्या दिवशी
दोन्ही बाजूंनी केळीची बागच,
पाणी सोडलेलं, गार वास,
समोर सातपुडा, अजून रंग न भरलेला,
आणि बराच वेळ
मी कशाचंही वजन केलं नव्हतं
हे लक्षात आलं.

महिन्याने सायकलसकट प्लेटकाट्यावर चढलो.
हमाल गोळा झाले.
पंच्याण्णव-दोनशे.
मनातल्या मनात दहा-सहाशे वजा केले,
बाटलीतलं उरलेलं पाणीही वजा केलं.
रतन तडवी पट्टीचं पुस्तक पुढे करत म्हणाला,
"कटती किती लावू, तोलारभाऊ?"

पेन खिशात होतं.
म्हटलं, राहू दे,
माल अजून उतरतोय.