बिनखळीचं घोंगडं

"तात्या, खळ नसलेलं घोंगडं हवंय,"
पोरे शिंप्यांची तेजस्विनी मागाशी येऊन म्हणाली.
मी खड्ड्यात. पाय पावड्यांवर. धोटा हातात तसाच.
म्हटलं, पोरी, चिंचोक्याच्या खळीबिगर
ताणा फणीत तुटतोय, केसासारखा.
"मग विणून झाल्यावर धुऊ. नदीवर."
माणगंगेत वाळूसुद्धा उरली नाही,
हिला धुणं सुचतंय.
बोअरवर धुतलं, तीन पाण्यांनी.
मऊ पडलं ते, दुखण्यातून उठल्यागत,
आणि मला कसंतरीच झालं.

बडोद्याला शिकून आलेली. सुया आणलेल्या नाना जातींच्या.
पहिल्या दिवशी चार मोडल्या.
मी दाभण दिला, पोती शिवायचा.
हसली नाही. घेतला.

मला वाटलं, काढंल मोर, काढंल कोयरी,
तिची आजी खणाच्या चोळ्यांवर काढायची तसलं काही.
तर ही जाऊन बसली बायडाक्काच्या वाघरीपाशी,
मेंढरांच्या वासात, वही घेऊन:
दिवाळीनंतर कुठल्या वाटेनं जाता?

बायडाक्काला गावांची नावं अर्धीच येतात.
ती सांगायची,
हितं कोकरू झालं, पावसात, पदराखाली घेतलं.
हितल्या पाटलानं तीन रात्री रान खतवून घेतलं
नि दाणं दिलं अडीच पायली, किडकं.
हितं दीर कुत्रं पुरून आला, दोन दिस जेवला न्हाई.
उंब्रजला, मोठ्या रस्त्यावर, एकोणीस गेली.
ट्रक थांबला न्हाई.

काळ्यावर हळदी सूत: ती वाट.
मुक्कामाच्या जागी आजीची गाठ,
चोळीच्या बुट्ट्यातली, तिहेरी, दातानं आवळायची.
उंब्रजला मात्र सूत नाही.
ट्रकच्या मागं चिकटवतात ती चकाकती पट्टी
बारीक कापून ओवली. एकोणीस टाके.
मी चिडलो. घोंगड्यावर रेडियम?
देव बसतो गं ह्याच्यावर.
"रात्री बॅटरी मारून बघा," म्हणाली.
बघितलं.
तेवढंच दिसत होतं.

साताऱ्याला न्यायच्या आधी
माझ्याच पडवीत पसरलं, बायडाक्कापुढं.
तिनं वरून बघितलंच नाही.
उलटं केलं,
आणि पाठीमागच्या गाठींवरनं बोटं नेत गेली,
जोंधळ्यातला खडा शोधावा तशी.
एका ठिकाणी बोट थांबलं.
"ह्ये काढ. गेल्या साली हितं तार मारली.
काचंच्या पाट्या बसवल्यात, उनाची लाईट करायला.
आता वाट न्हाई."

आठ दिवसांचं काम होतं त्या वितीत.
मी पोरीच्या तोंडाकडं बघितलं.
तिनं कात्री मागितली.
एकेक टाका उसवला, सूत बोटाला गुंडाळून ठेवलं.
"मग आता कुठनं जाता, आक्का?"
बायडाक्कानं चंचीतनं पान काढलं,
देठ खुडला.
"घावली की सांगते."

ती वीत तशीच गेली साताऱ्याला.
लोकर लबाड असते.
सुईची भोकं ठेवत नाही;
तळहातानं चोळलं की मिटतात,
जणू हिथनं कुणी गेलंच नव्हतं.
मी विणलंय ते, मी सांगतो.

हॉलमध्ये माणसं रेडियमपुढं उभी राहिली, फोटो काढले.
एका बाईनं विचारलं, ऊब किती लागते ह्याची?
तेजस्विनी म्हणाली, धुतलेलं आहे, अंगाला टोचणार नाही.
मी तोंडातल्या तोंडात म्हटलं,
टोचत नाही तर घोंगडं कसलं.

काल पुन्हा आली मागाशी.
"अजून एक विणा, तात्या."
खळ?
"ताण्याला घाला. धुवायचं मी बघते.
आणि रुंदीला चार बोटं जास्त ठेवा,
वाट घावली तर लागेल."

चिंचोके भिजत घातलेत.