मधोमध

हॉर्न मुका. एअरबॅगचा दिवा लाल.
स्टिअरिंग वळवलं की आत काहीतरी सळसळतं,
मक्याच्या वाळल्या पानासारखं.

कुताईसीच्या गॅरेजात नुगझार बॅटरीची तार काढतो
आणि एक सिगारेटभर थांबतो.
"घाई केलीस तर उशी तोंडावर फुटेल."
मग चाक उपसतो.
आत गुंडाळलेली फीत. तुटलेली.
रिकोटी घाटातली एकवीस वर्षांची वळणं
एवढ्याशा फितीवर!

नवी बसवताना पुटपुटत मोजतो:
डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे पाच फेरे,
अडीच मागे.
"मधोमध. नाहीतर पहिल्याच वळणाला जाईल."

मी दाबतो. गल्लीतली कुत्री उठतात.

तीन दिवस आईच्या फाटकावरून
मुकाट गेलो होतो.
तिनं शेजारणीला विचारलं म्हणे,
एतेरी, कशावरून रुसलाय गं हा?