मालकाचे नाव

कोंडवाड्याच्या वहीत सात रकाने.
जात, रंग, शिंगे, खूण,
कुठे सापडले, कोणी आणले,
मालकाचे नाव.

सहा मी बघून भरतो.
सातव्याला माणूस लागतो.
तो दोन दिवसांत येतो, शिव्या घालत,
दंड भरतो, चाऱ्याचे वेगळे,
पावती चारदा घडी करून बंडीच्या खिशात ठेवतो
आणि जनावराशी मात्र गोड बोलत घरी जातो.

गेल्या मंगळवारी हा आणला.
तांबूस, एक शिंग वाकडे,
मांडीवर त्रिशूळाचा जुना डाग.
चौघांनी दोर ओढला. तो आपणहूनच चालत होता.
तक्रारदार जनाबाई मोंडकर, मासळी बाजार, ओटा क्रमांक नऊ:
"सुकत घातलेल्या बांगड्यांरचा मीठ चाटून जाता.
खाणा नाय एकव, नुसतो चाटता.
चाटलेलो बांगडो गिऱ्हायकाक कसो विकू?"
मालक विचारला तर सगळा बाजार एका सुरात:
"देवाचो."

मी लिहिले: श्री देव रवळनाथ, रा. गावठाण.

मुख्याधिकारी लातूरकडचे, चार महिन्यांपूर्वी रुजू झालेले.
त्यांनी लाल पेनने गोल केला:
मालकास नोटीस बजावावी. सात दिवस. नंतर जाहीर लिलाव.
उपविधीत देवाला सूट नाही, मीही शोधली.
नगराध्यक्षांच्या म्हशीलाही नाही,
पण ती कधी वहीपर्यंत आलीच नाही.

नोटीस घेऊन देवळात गेलो.
भिवा गुरवाने चष्मा पुसून वाचली,
शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या,
मग कौलाच्या कळ्या पाण्यात बुडवून
देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या लावल्या.
"इचार. पण सरळ इचार.
देवाक सरकारी भाषा कळणा नाय."

नोटीस पोचली?
उजवी पडली, लगेच.
दंड भरशील?
डावी. तीही लगेच.
लिलाव करू?
कळी हलेना.
समईची वात दोनदा सारली.
बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना,
शेवटी ढकलत नेली.
कळी तिथेच.
"उद्या ये," भिवा म्हणाला, "देव पण फायल वाचता."

संध्याकाळी कोंडवाड्यात आलो
तर पेंढा तसाच, आणि तो भिंत चाटत होता.
ठेकेदाराने खाडीची वाळू वापरली होती, न धुता.
चाळीस वर्षं खारट आहे ही भिंत.
मी पहिल्यांदा नीट पाहिली:
चारी बाजूंना तोंडाच्या उंचीवर
एक पट्टा आत गेलेला, गुळगुळीत,
वासरांचा खाली, म्हशींचा जरा वर.
वहीत ज्यांचे रंग आणि शिंगे आहेत
ती सगळी इथे उभी राहून
मालक येईपर्यंत हेच करत होती.

अर्धा किलो खडेमीठ आणले. व्हाउचर केले.
तपासनीस आक्षेप घेईल: मीठ चाऱ्यात येते का?
त्याने माझ्या हातावरून खाल्ले.
जीभ कानशीसारखी.
हात लगेच धुतला नाही.

दार त्या रात्री लावायचे राहिले.
नंतरही राहिलेच.
आज सहावा दिवस. रात्री तो बंदरापर्यंत फिरून येतो,
पहाटे उघड्या दारातून आत शिरून
आपल्या जागी उभा राहतो, भिंतीकडे तोंड करून.
जनाबाई विचारून गेली,
"काय घालतास रे तेका? बांगड्यांकडे बघणाव नाय."

उपविधी म्हणतो, अडकवून ठेवलेले जनावर.
हे अडकलेय कुठे?

शेऱ्याला रकाना नाही. समासात लिहिले: दार उघडे.
सातव्या रकान्यात
देवाच्या नावापुढे थोडी जागा उरली आहे.
मघाशी तिथे पेन टेकवले होते.
शाईचा ठिपका पडला.
तेवढाच राहू दिला.